श्रीसंत गाडगे महाराज : खराट्याचे व्रत आणि आपली पंगत



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभे आयुष्य खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात गेले. ग्रंथलेखनाचा अधिकार आमच्या ठायी नाही. तथापि ज्यांनी कधी शाळेची पायरी चढली नाही, परंतु ज्यांच्यापुढे भले भले विद्वान नतमस्तक झाले, अशा एका महापुरुषाचे चरित्र सांगण्यास विद्वत्तेपेक्षा श्रद्धेचीच गरज अधिक. म्हणून श्रीसंत गाडगे महाराजांचे चरित्र आम्ही निवडले. निवडीस आणखी एक कारण आहे, व ते आमच्या मनास वर्षभर टोचीत आहे. ते शेवटी निवेदन करू.

बालपण

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे खेडे आहे. तेथे दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात महाराजांचा जन्म झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखूबाई व आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेविले. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले आणि त्या व्यसनानेच त्यांचा बळी घेतला. डेबूजीला त्या वेळी जगाची समजही आली नव्हती. सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आल्या. डेबूजी मामाची गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. मातीत राबण्याची त्याला मनापासून आवड. गोठा झाडणे, अंगण साफ ठेवणे, ही कामे कोणी न सांगता तो करी.

सन १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. संसार सुरू झाला खरा, परंतु मामांची जमीन सावकाराच्या कागदांत अडकली. अक्षरशत्रू शेतकऱ्याने आंगठा उठवावा आणि सावकाराने आकडा वाढवावा, हा त्या काळचा घरोघरीचा अनुभव. हातची जमीन गेली. दारूने बाप नेला, कर्जाने शेत नेले. या दोन घावांतून डेबूजींनी जो बोध घेतला, तोच पुढे त्यांच्या हजारो कीर्तनांचा विषय झाला.

ज्ञातीच्या पंगतीत पहिले बंड

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेष ध्यानी घ्यावा असा आहे. डेबूजींच्या घरी पहिली कन्या जन्मास आली व बारशाचा समारंभ ठरला. अशा प्रसंगी ज्ञातिबांधवांना मांसाहाराचे व दारूचे जेवण घालावयाचे, अशी तेव्हाची रीत होती. घरात दाणा नसला तरी चालेल, कर्ज काढावे लागले तरी चालेल, परंतु ज्ञातीचे तोंड गोड, किंबहुना ओले, झालेच पाहिजे! डेबूजींनी ही रीत मोडली. त्यांनी पंगतीला साधे गोडाचे जेवण वाढले. दारूचा थेंब नाही, मांसाचा तुकडा नाही. ज्ञातीतील लोक नाराज झाले. परंतु तरुण डेबूजी डगमगले नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. महाराजांनी पुढे सर्व महाराष्ट्राला उपदेश केला, पण त्यांचे पहिले बंड परक्या लोकांविरुद्ध नव्हते. ते स्वतःच्या दारात, स्वतःच्या ज्ञातीच्या पंगतीत झाले. ज्या रीतीने आपल्याच माणसांचे नुकसान होते, ती रीत आपणच प्रथम मोडावयाची, हा त्यांचा धडा होय.

गृहत्याग आणि वेष

सन १९०५ मध्ये एका रात्री डेबूजींनी घरदार सोडले. त्यानंतर सुमारे बारा वर्षे ते रानोमाळ, गावोगाव हिंडले. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर आणि हाती खराटा, असा त्यांचा अवतार असे. म्हणून कोणी त्यांस गोधडे महाराज म्हणे, तर कोणी गाडगे महाराज. पुढे हे दुसरे नावच रूढ झाले.

लहानपणी आम्ही हे वर्णन प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस तो वैराग्याचा वेष वाटला. आता उतारवयात त्यात दुसराही अर्थ दिसतो. त्या वेषातील एकेक वस्तू पाहावी. चिंध्या कोणीतरी टाकून दिलेल्या. बांगडी फुटलेली. गाडगे तडकलेले, म्हणजे घरधनिणीने उकिरड्यावर फेकण्याजोगे. त्याच खापरात महाराज भाकरी खात, त्यातच पाणी पीत, आणि उन्हात तेच डोक्यावर घेत. ज्या वस्तूंना जगाने निरुपयोगी ठरविले, त्यांवर त्यांनी आयुष्य काढले. जगाच्या केरात त्यांनी स्वतःची अशी भर जवळजवळ घातलीच नाही. केर काढणारा माणूस आधी केर न करणारा होता, हे त्यांच्या चरित्राचे मर्म आहे.

खराटा आणि कीर्तन

महाराजांची रीत ठरलेली असे. गावात शिरावे, कोणाशी न बोलता खराटा घ्यावा आणि रस्ते, गटारे, देवळापुढील अंगण झाडावयास लागावे. लोक प्रथम त्यांस वेडा समजत. मग एखादे पोर केरसुणी घेऊन येई, त्यामागून त्याचा बाप येई, आणि दिवस मावळेपर्यंत अर्धे गाव झाडलोटीला लागलेले असे. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभे राही. कीर्तन संपले की महाराज मुक्काम हलवीत. कोणी पाया पडू लागले तर त्यांस राग येई. त्यांनी कोणास शिष्य केले नाही व स्वतः कोणाचे गुरू म्हणवून घेतले नाही.

त्या काळात पटकी व प्लेग यांच्या साथी गावेच्या गावे ओस पाडीत. लोक देवीला कोंबडे-बकरे कापीत, परंतु घराशेजारचे तुंबलेले गटार कोणी उपसत नसे. महाराज आपल्या वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज काढून सण करू नये, दारूला शिवू नये, देवाच्या नावाने मुक्या जनावराचा जीव घेऊ नये, शिवाशीव पाळू नये. घरातील भांडी विकावी लागली, हातावर भाकरी घेऊन खावी लागली तरी चालेल, पण मुलांना शाळेत घालावे. हा उपदेश इतका सोपा होता की तो समजला नाही, अशी सबब कोणास सांगता येत नसे.

ऋणमोचन ते पंढरपूर

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीचा काठ निसरडा असल्यामुळे म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या बाया घसरून पडत. इतर यात्रेकरू देवदर्शनास धावत असता डेबूजी त्या चिखलावर भर टाकीत, लोकांना हात देत. पुढे त्यांच्याच खटपटीने तेथे घाट उभा राहिला.

मग नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दाखातर जमले, परंतु महाराजांनी स्वतःसाठी त्यातील कवडीही घेतली नाही. कानातील कवडी तेवढी त्यांची! आपल्या कुटुंबीयांचाही या संस्थांवर त्यांनी हक्क ठेविला नाही. पंढरपुरास अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना निवारा नसे, म्हणून त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली व सन १९४९ मध्ये ती डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. सन १९५२ मध्ये त्यांच्या कार्यासाठी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

महाराजांचे शेवटचे कीर्तन दिनांक ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्रे येथे पोलीस ठाण्यात झाले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावनजीक पेढी नदीपाशी मोटारीतच त्यांनी देह ठेविला. जन्मभर रस्ते झाडणाऱ्या या पुरुषाचा अंतही रस्त्यावरच झाला. अमरावतीस त्यांची समाधी आहे. सन १९९८ मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघाले, आणि अमरावती विद्यापीठासही पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

आमच्या शाळेचा अनुभव

सन २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने महाराजांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या वेळी आम्ही एका आडवळणाच्या गावी मुख्याध्यापक होतो. गावात नवचैतन्य आले. मुलांनी प्रभातफेऱ्या काढल्या, बायांनी अंगणे सारविली, तरुणांनी गटारे उपसली. सरकारी पैशाची वाट न पाहता लोकांनी श्रमदान केले. तपासणी समिती आली, तिने गावाचे कौतुक केले आणि आमच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहिले.

परंतु खरे ते सांगितले पाहिजे. समिती गेली आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत गटारे पुन्हा तुंबली. याचा दोष गावकऱ्यांवर ढकलणे सोपे आहे. आम्ही स्वतःसच दोष देतो. आम्ही मुलांना केर काढावयास शिकविले, केर न करावयास शिकविले नाही. खराटा हाती दिला, पण दुकानातून येणारी प्रत्येक पिशवी व प्रत्येक वेष्टन शेवटी कोठे जाते, हे दाखविले नाही. महाराजांचे अर्धेच चरित्र आम्ही शिकविले.

टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती फक्त आपल्या डोळ्यांआड होते. मुंबईतील देवनारच्या कचराभूमीवर १९२७ सालापासून शहराचा केर पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली, शहरभर धूर पसरला आणि मुलांच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अन्नाचे खरकटे वाऱ्याविना दाबून राहिले की कुजताना त्यातून पेट घेणारा वायू निघतो. म्हणजे आपल्या ताटातील उष्टेच त्या आगीचे इंधन बनते. त्या डोंगरालगत गरिबांची वस्ती आहे. उष्टे आपले, धूर त्यांच्या लेकरांच्या छातीत, हा कोणता न्याय?

मनास टोचणारी गोष्ट

आता आरंभी सांगितलेले कारण निवेदन करतो. गेल्या वर्षीच्या आपल्या स्नेहसंमेलनात व्यासपीठावर श्रीगाडगे महाराजांची तसबीर होती. तिला हार घालण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला. आम्ही स्वच्छतेवर चार शब्द बोललो, टाळ्या झाल्या. मग पंगती उठल्या, कुटुंबे घरोघर गेली. किल्ल्या परत देण्याचे काम आमच्याकडे असल्यामुळे आम्ही मागे राहिलो.

सभागृहाच्या मागील बाजूस जाऊन पाहतो तो थर्माकोलच्या ताटांचा, प्लास्टिकच्या पेल्यांचा व द्रोणांचा ढीग कमरेइतका उंच! राज्य शासनाने असल्या ताटवाट्यांस दिनांक २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी घातली आहे, हेही आपण विसरलो होतो. दोन सफाई करणाऱ्या भगिनी त्या ढिगापाशी बसल्या होत्या. त्यांतील एक ताटांतील न मोडलेल्या पुऱ्या व लाडू वेचून पदरात बाजूला ठेवीत होती. आम्हांस पाहून ती ओशाळली व पदर झाकू लागली. वास्तविक ओशाळावयाचे आम्ही! कारण त्या ढिगात कोठेतरी आमचेही ताट होते आणि त्यात आम्ही अर्धा लाडू टाकिला होता. तसबिरीवरील हार अद्याप ताजा होता.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. महाराजांना जात विचारली तर ते सांगत नसत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आणि आपली तर ज्ञातिसंस्था! एकमेकांच्या लेकरांच्या शिक्षणास व अडीअडचणीस हात देण्यासाठी आपण एकत्र आलो, त्यात गैर काही नाही. परंतु आपली घाण उचलण्याचे काम दुसऱ्या ज्ञातीच्या माणसांचे, असे आपण मनात धरून असू, तर त्या तसबिरीस हार घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपण काय करावे

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही काही सूचना नम्रपणे ठेवीत आहो.

पहिली सूचना ताटांविषयी. मंडळाने सभासदांच्या वर्गणीतून स्टीलची ताटे, वाट्या व पेले एकदाच विकत घ्यावे. ते वर्षानुवर्षे टिकतील, आणि सभासदांच्या घरच्या लग्न-मुंजींनाही अल्प भाड्याने देता येतील. त्या भाड्यातून फुटतुटीचा खर्च निघेल. ताटे धुण्यास पाणी लागेल, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. परंतु ताट आधी कोरडे निपटून काढावे, मग एका घमेल्यात धुवावे व दुसऱ्यात विसळावे. नळ सोडून धुण्यापेक्षा पाणी कितीतरी कमी लागते. ताटे कमी पडतील तेथे पळसाच्या पत्रावळी आहेतच.

दुसरी सूचना वाढण्याविषयी. एकदम ताट भरून वाढू नये. थोडे वाढावे, पुन्हा विचारावे. आग्रह ही आपली जुनी रीत आहे, पण नको म्हणणाऱ्याच्या ताटात जबरीने पडलेला लाडू हा आग्रह नव्हे, अन्नाचा अपमान आहे. कितीजण जेवावयास येणार ते आठ दिवस आधी कळवावे. उरलेले शुद्ध अन्न झाकून ठेवावे व त्याच सायंकाळी गरजूंना मानाने द्यावे, म्हणजे कोणा भगिनीस ते ढिगातून वेचावे लागणार नाही.

तिसरी सूचना खताची. आपल्या सभागृहामागे मोकळी जागा आहे व तेथील कडुनिंबाचा पाला दर आठवड्यास जाळला जातो. तो जाळू नये. एक खड्डा घेऊन त्यात तळाशी वाळका पाला, त्यावर भाजीची देठे, साली व निर्माल्यातील फुले, त्यावर पुन्हा पाला व थोडी माती, असे थर द्यावे. आठवड्यातून एकदा खालीवर करावे, म्हणजे वारा खेळतो व दुर्गंधी येत नाही. तेलकट शिजलेले अन्न फार टाकू नये, त्याने उंदीर येतात. वर झाकण ठेवावे. दोन-तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होते, त्यास ओल्या मातीचा वास येतो. ते सभासदांच्या कुंड्यांना वाटावे.

चौथी सूचना सत्काराची. शाल-श्रीफळाचा सत्कार चांगला, परंतु एकेका वडीलधाऱ्याच्या कपाटात अशा शाली घड्या न मोडता पडून आहेत. त्याऐवजी त्यांच्या नावे गरीब विद्यार्थ्यास पुस्तके द्यावी. आणि घरोघरच्या जुन्या लुगड्या-धोतरांच्या गोधड्या आपल्या माताभगिनींनी शिवाव्या. ज्या महाराजांस लोक गोधडे म्हणत, त्यांची याहून चांगली पूजा कोणती?

पाचवी व शेवटची सूचना सर्वांत अवघड आहे. संमेलनानंतरची झाडलोट व ताटे धुणे पाळीपाळीने आपणच करावे, आणि पहिली पाळी कार्यकारी मंडळाची असावी. सफाई करणाऱ्या भगिनींचा रोजगार मात्र त्यामुळे बुडू नये. त्यांस ठरलेला मेहनताना द्यावा व त्या दिवशी आपल्याच पंगतीत सन्मानाने जेवावयास बसवावे. काहींस हे कमीपणाचे वाटेल. त्यांना आमची विनंती इतकीच की, डेबूजींच्या बारशाच्या पंगतीतील नाराज ज्ञातिबांधवांची त्यांनी आठवण करावी. त्यांतील एकाचेही नाव आज कोणास ठाऊक नाही. रीत मोडणाऱ्याचे नाव मात्र घरोघर आहे.

आमचे वय झाले आहे, कंबर पूर्वीसारखी वाकत नाही. तथापि येत्या संमेलनात ताटे धुण्याच्या घमेल्यापाशी पहिली जागा आम्ही आपल्यासाठी मागून ठेवीत आहो. तसबिरीस हार घालण्याचा मान मंडळाने दुसऱ्या कोणास द्यावा.

असो. लेखात काही न्यूनाधिक झाले असल्यास वाचकांनी क्षमा करावी. श्रीगाडगे महाराजांच्या चरणी मस्तक ठेवून, आणि तसे केलेले त्यांस रुचले नसते हे जाणून, खराटा हाती घेण्यासाठी उठतो.